दोषाची उतरंड

सुलतानपूरच्या चौकातून एक रस्ता मेहकरकडे जातो, एक सिंदखेडराजाकडे आणि एक लोणारच्या सरोवराकडे. या भागातल्या रस्त्यांची गिट्टी ज्या हातांनी फोडली त्यांत माझ्या आजीचे हात होते. १९७२ च्या दुष्काळात ती कामावर जात असे. मांडीवर पोर, पुढ्यात काळा दगड, हातात हातोडी आणि संध्याकाळी मस्टरवर अंगठा. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. आजीला हा आकडा माहीत नव्हता. तिला एवढेच ठाऊक होते की संध्याकाळी ढीग मोजायला साहेब येई आणि दिवसभराचा ढीग त्याच्या पट्टीखाली लहान होई. ती म्हणायची, "फोडली आमी, मोजली त्यायनं."

लहानपणी आम्हाला या वाक्याचे हसू यायचे. आता इतिहास शिकवताना हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. या देशातील सार्वजनिक बांधकामांचा इतिहास मोजणाऱ्यांनी लिहिला आहे. फोडणारे त्यात फक्त दोन ठिकाणी येतात. काम चालू असताना हजेरीत, आणि काम कोसळल्यावर आरोपात.

हे नुसते अनुमान नाही. २००३ च्या पावसाळ्यात मी दहावीत होतो. गावाजवळच्या नाल्यावरचा नवा पूल पहिल्याच मोठ्या पाण्यात खचला. पूल म्हणजे तरी काय, तीन नळ्या, दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि वर स्लॅब. माझा बाप त्या कामावर माल कालवायला होता. पहिल्या दिवशी चौकातल्या हॉटेलात चर्चा झाली की पाणीच फार आले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणाले, मजुरांनी सिमेंटची पोती विकली. तिसऱ्या दिवशी नावे आली. तिन्ही नावे आमच्या वस्तीतली होती आणि त्यांतले एक माझ्या बापाचे होते. कोठीची किल्ली कुणाजवळ होती हे कुणी विचारले नाही. मोजमाप वहीवर सही कुणाची, बिल कुणी पास केले, पाहणीला कोण आले होते, यांतला एकही प्रश्न त्या चौकात उच्चारला गेला नाही. बापाची आठ दिवसांची मजुरी बुडाली. पूल पुन्हा बांधला गेला आणि तो त्याच ठेकेदाराने बांधला. गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. चोर हा शब्द मात्र आमच्या दारात राहिला.

एखादे धरण फुटले, पूल कोसळला, रस्त्यावर माणसे मेली की आपल्याकडे एक मोठा वाद उभा राहतो. वर्तमानपत्रे, विधिमंडळ, चहाची टपरी, सगळीकडे एकच प्रश्न असतो, दोष कुणाचा? वरवर पाहता हा लोकशाहीचा प्रश्न वाटतो. परंतु हा दोष नेमका कुठून निघतो आणि कुठे जाऊन थांबतो याचा माग काढला तर एक जुनी, ओळखीची वाट दिसू लागते. ती वाट गावाच्या वेशीतून येते.

गावगाड्यातला आरोपी

गावगाड्यात महाराकडे कोणती कामे होती? वेशीची राखण, चोराचा माग काढणे, सरकारी टपाल व वसुली पोहोचवणे, मेलेले ढोर ओढणे. दोन गावांच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण शिवेचा दगड न् दगड त्याच्या पायाखालचा होता. गावाच्या भूगोलाचे ज्ञान त्याच्याजवळ होते आणि गावाला ते मान्यही होते.

परंतु त्याच गावात चोरी झाली की पहिला संशय महार-मांगांवर येई. गुरे पटापट मरू लागली की महारांनीच कातड्यासाठी विष घातले, अशी आवई उठे. पटकीची साथ आली की मरीआईचा कोप झाला म्हणून तिचा गाडा गावाबाहेर न्यायचे कामही त्याच वस्तीच्या वाट्याला येई. जो माणूस शिवेच्या वादात साक्षीदार होता, तोच संकटाच्या वेळी आरोपी होई. साक्षीदाराला आरोपी केले की त्याच्या साक्षीची किंमत संपते. मग पाटलाला कुणी विचारत नाही की राखणीसाठी त्या माणसाला तू काय दिलेस, आणि एका माणसाच्या पाठीवर इतकी कामे का लादलीस?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले तेव्हा या व्यवस्थेच्या मर्मावरच बोट ठेवले होते. काम अमर्याद, मोबदला नाममात्र, आणि चुकले तर शिक्षा. ते वतन मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने संपले. आमचे वऱ्हाड त्या १८७४ च्या कायद्याखाली नव्हते, पण गावकामाचे ओझे आणि संशयाची बोटे इथेही तीच होती. वतन कायद्याने गेले. बोट दाखवण्याची सवय कायद्याने जात नाही. ती गावाच्या चौकातून निघून बांधकाम खात्याच्या कचेरीत आणि मंत्र्याच्या पत्रकार परिषदेत जाऊन बसली.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला क्रमिक विषमता म्हटले. आदर वरवर चढत जातो, तिरस्कार खाली खाली उतरत जातो. मला त्यात एवढेच जोडावेसे वाटते की दोषही त्याच उतरंडीवरून खाली येतो. श्रेय चढते. उद्घाटनाच्या कोनशिलेवर जी नावे असतात ती कोसळल्यानंतरच्या फिर्यादीत सापडत नाहीत.

खडकवासला आणि पानशेत

महाराष्ट्रात या वादाचे सर्वांत मोठे प्रकरण पानशेतचे. परंतु पानशेतच्या आधी खडकवासल्याकडे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले जात होते. त्या कामाला बांधकामाचे साहित्य पुरवणाऱ्या ठेकेदारांत एक नाव होते जोतीराव गोविंदराव फुले यांचे. शाळा काढणारे, सत्यशोधक समाज स्थापणारे फुले आपल्याला ठाऊक असतात. धरणाच्या कामावर उभे राहून दगड, चुना आणि मजूर पाहणारे फुले आपण विसरतो. सार्वजनिक बांधकाम म्हणजे काय, त्यात कुणाचा घाम जातो आणि कागद कुणाच्या हातात असतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. इंजिनीअर खात्यातल्या कामगारशाहीवर त्यांनी कोरडे ओढले ते या अनुभवातून. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये ते तळी, बंधारे आणि पाणी मुरवण्याच्या योजना सांगतात तेही याच जाणकारीतून. बांधकामाकडे मजुराच्या बाजूने पाहणारा आपल्या परंपरेतला हा पहिला मोठा साक्षीदार.

त्या खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, आंबी नदीवर, पानशेतचे मातीचे धरण उभे राहिले. १२ जुलै १९६१ च्या सकाळी ते फुटले. त्याचे पाणी खडकवासल्यावर आले, खडकवासलाही फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा व वस्त्या पाण्याखाली गेल्या. रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास तगवले, त्यामुळे लोंढा रात्री न येता दिवसा आला आणि पुष्कळ जीव वाचले. हे जवान कुणाची मुले होती याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

पानशेत का फुटले? धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याचा जो बंदिस्त मार्ग होता, त्याच्या कमानीत लोखंडी सळई नव्हती. साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर काम भागवले होते. त्या काळी पोलादाची टंचाई होती. पाणी सोडण्याच्या दरवाजांचे काम पुरते झाले नव्हते, तरी पावसाळ्यात पाणी साठले. जोराने वाहणाऱ्या पाण्याच्या धक्क्यांनी तो मार्ग हादरला, वरची माती खचली, भिंत खाली बसली आणि शेवटी पाणी तिच्यावरून गेले. म्हणजे गोष्ट पावसाची जेवढी होती तितकीच निर्णयांची होती. सळई न घालण्याचा निर्णय, अपुऱ्या कामात पाणी साठू देण्याचा निर्णय आणि लोकांना केव्हा सांगायचे याचा निर्णय. यांतला एकही निर्णय पाटी वाहणाऱ्याने घेतलेला नव्हता.

पुण्यात वाद पेटला. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे होते. चौकशी चालू असतानाच त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर नाईक आयोग आला आणि त्याचा अहवाल झाला. या प्रकरणाभोवती तर्कांचे जाळे आजही विणले जाते. मला तर्क करायचा नाही. मला एवढेच दिसते की पुण्यासारख्या शहरात, जिथे वकील होते, संपादक होते, सभा घेणारे पुढारी होते, तिथेसुद्धा दोषाचा प्रश्न अहवालाच्या पानांत विरून गेला. पूरग्रस्त अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटांत गेले. त्यांना दिलेल्या जागांच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळत राहिला. जिथे सभा घेणारे आणि लिहिणारे होते तिथे ही गत झाली. मग जिथे वर्तमानपत्रच दुसऱ्या दिवशी पोहोचते त्या वाडीची काय गत होत असेल?

महाड आणि तिवरे

त्याचे उत्तर कोकणात मिळाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल कोसळला. एस. टी. च्या दोन गाड्या आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. सुमारे चाळीस माणसे गेली. पूल १९२८ चा, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर एका वर्षाने उभा राहिलेला. ज्या महाडात आपण पाण्याचा हक्क मागितला, त्याच महाडात पाण्याने माणसे नेली. वाद झाला तो पुलाच्या वयावर. ब्रिटिशांचा पूल, जुना झाला होता, नदीला प्रचंड पूर होता. मे महिन्यात पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. इथे दोष दोन जागी गेला. एक इंग्रज, जो निघून गेला होता, आणि दुसरी नदी, जिला समन्स बजावता येत नाही. ज्या पाहणीत पूल योग्य ठरला ती पाहणी कशी झाली, पाण्याखालचे खांब कुणी पाहिले, हा प्रश्न या दोघांच्या मागे दडला. नवा पूल मात्र वर्षाच्या आत उभा राहिला. इच्छा असली की सरकारला पूल बांधता येतो. मग पडण्यापूर्वी तो का बांधता येत नाही?

तीन वर्षांनी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. धरण फार जुने नव्हते, त्यामुळे इंग्रजाकडे बोट दाखवता येईना. तेव्हा राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले की धरण खेकड्यांनी पोखरले. विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खेकडे घेऊन पोलिस ठाणे गाठले आणि यांना अटक करा म्हणून मागणी केली. महाराष्ट्र हसला. मला त्या हसण्याची भीती वाटते. कारण हसण्याच्या नादात मूळ गोष्ट मागे पडली. धरणाला गळती आहे, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. लेखी सांगितले होते.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. भेंदवाडीचे लोक अभियंते नव्हते. परंतु ते त्या भिंतीखाली राहत होते. पाणी कुठून झिरपते, माती कुठे ओली राहते, हे त्यांना रोज दिसत होते. शिवेच्या वादात महाराची साक्ष जशी निर्णायक असे, तशी या धरणाबाबत त्यांची साक्ष निर्णायक ठरायला हवी होती. ती कागदावर आली, कचेरीत पोहोचली आणि तिथेच पडून राहिली. धरण फुटल्यावर मात्र साक्ष कुणाची निघाली? खेकड्याची. आपल्या व्यवस्थेला भिंतीखाली राहणाऱ्या माणसापेक्षा खेकडा अधिक बोलका वाटतो.

आमच्या दारातली समृद्धी

आता हा प्रश्न आमच्या सुलतानपूरच्या परिसरात आला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूपर्यंत पुरा झाला. बुलढाणा जिल्ह्यात तो मेहकर, सिंदखेडराजा या आमच्याच भागातून जातो. जुन्या रस्त्यावरच्या ज्या ढाब्यांवर ट्रकवाले टेकत, त्यांच्या चुली त्यानंतर थंडावल्या.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. दाराची बाजू खाली दबली. ३३ जणांपैकी २५ जण जळून गेले. ओळख पटत नव्हती म्हणून दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. ती रात्र या जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही.

वाद त्याच दिवशी सुरू झाला. ड्रायव्हर म्हणाला टायर फुटला. परिवहन खात्याच्या अहवालाने सांगितले की टायर फुटल्याचा पुरावा नाही. मग डुलकी, मग दारू. सरकारने सांगितले की रस्त्यात दोष नाही, दोष माणसाचा आहे. आणि काही मंडळींनी त्याहून सोपे उत्तर शोधले. अपघात टाळावेत म्हणून त्या जागी महामृत्युंजय यंत्र बसवून जप केला. त्यावर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मरीआईचा गाडा सहा पदरी रस्त्यावर आला तो असा.

ड्रायव्हर निर्दोष होता असे मी म्हणत नाही. तो दोषी असेल तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे. मेलेल्यांत आपल्यासारख्याच घरांतली, शिकायला आणि नोकरीला निघालेली पोरे होती. माझा आक्षेप वेगळा आहे. ड्रायव्हरचे नाव आले की चौकशीची भूक भागते. रात्रीच्या रात्री शेकडो किलोमीटर गाडी हाकणाऱ्या माणसाला किती तासांची झोप मिळते, ती कोण ठरवतो? रस्ता खुला झाला तेव्हा वाटेत विश्रांतीच्या सोयी पुरत्या झालेल्या नव्हत्या, तरी तो खुला करण्याची घाई कुणाला होती? ज्या गाडीत माणसे आडवी झोपून जातात, ती कुशीवर पडली तर बाहेर पडायचे कुठून, हे पाहून परवाना कुणी दिला? या प्रश्नांची उत्तरे देऊ शकतील असे सर्वांत मोठे साक्षीदार त्या रस्त्यावर रोज जाणारे ड्रायव्हर आहेत. त्यांना आपण फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात पाहतो.

एक अपवाद नोंदवला पाहिजे. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ याच रस्त्यावर उभ्या ट्रकला एक छोटी प्रवासी गाडी धडकली. आमच्याच जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणारे १२ जण गेले. तेव्हा ट्रक थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्या दोन निरीक्षकांना अटक झाली. म्हणजे दोष एक पायरी वर चढू शकतो. पण तो निरीक्षकाच्या पायरीवरच का थांबतो, हेही विचारले पाहिजे.

आणि याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, शहापूर तालुक्यात सरळांबे इथे, पिंपळखुट्यानंतर बरोबर एका महिन्याने, पुलाचे तुळईवजा अवजड भाग उचलणारे यंत्र रात्रपाळीत कोसळले. २० जण ठार झाले. त्यांतले बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेले. पिंपळखुट्यावर आमच्या चौकात महिनाभर चर्चा चालली. सरळांब्यावर एक दिवससुद्धा चालली नाही. प्रवासी मेला तर वाद तरी होतो. बांधणारा मेला तर वादही होत नाही.

दामोदरचा धडा

मग आपण काय करायचे? वरच्यांवर बोट रोखले की काम झाले काय? इथे बाबासाहेबांच्या आयुष्यातले एक पान उघडले पाहिजे. आपल्या व्याख्यानमालांत ते क्वचितच वाचले जाते.

जुलै १९४३ मध्ये बंगालात दामोदर नदीचा बांध फुटला. बर्दवानच्या परिसरात गावे बुडाली, रेल्वे आणि हमरस्ता तुटला. महायुद्धाचा काळ होता, त्यामुळे सरकारही हादरले. बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली आणि शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे एक सदस्य होते. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्यात येत होते. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. कुठला बांध कुणाच्या हयगयीने फुटला यावर वाद घालत बसणे ही एक. दुसरी वाट असा प्रश्न विचारण्याची की या अख्ख्या नदीची जबाबदारी आज नेमकी कुणाची आहे? उत्तर असे होते की कुणाचीच नाही. नदी बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहते, बांध एकाचे, पाणलोट दुसऱ्याचा.

बाबासाहेबांनी दुसरी वाट धरली. प्रांतांच्या परिषदा घेतल्या, अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या कामाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडून योजना तयार करून घेतली आणि १९४५ साली जलमार्ग व पाटबंधाऱ्यांसाठी मध्यवर्ती आयोग उभा केला. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. दोष शोधणे आणि जबाबदारी ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष आपत्तीनंतर शोधला जातो आणि तो दुबळ्याला चिकटतो. जबाबदारी आपत्तीच्या आधी ठरवावी लागते, लिहून ठेवावी लागते आणि ती अधिकाराच्या मापाने वाटावी लागते. ज्याच्या हाती सही, त्याच्या शिरी उत्तर.

आपल्या माणसाचे काम म्हणून त्याकडे डोळे झाकून पाहणे बाबासाहेबांनाच मान्य झाले नसते. दामोदरच्या धरणांनी पुढे ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या मोबदल्याची व नोकऱ्यांची गाऱ्हाणी अनेक दशके मिटली नाहीत. संस्था उभी राहिली तरी तिच्या मोजपट्टीवर कुणाचा हात आहे, हा प्रश्न उरतोच. आजीचे वाक्य तिथेही लागू पडते.

साक्षीदार कोण?

आज आपल्या हाती काही साधने आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. रोजगार हमीच्या कामांना सामाजिक अंकेक्षणाची तरतूद झाली. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. कायदे आपोआप चालत नाहीत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. चवदार तळ्याचे पाणी खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता, तरी तिथे आपल्याला चालत जावे लागले.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक अपघाताच्या चौकशीत त्या कामावरच्या मजुरांचे आणि त्या भिंतीखाली, त्या रस्त्याकडेला राहणाऱ्यांचे जबाब साक्षीदार म्हणून पहिल्यांदा घेतले जावेत. लोकांनी आधी दिलेल्या तक्रारी अहवालाच्या पहिल्या पानावर छापल्या जाव्यात, त्या कुणी वाचल्या आणि कुणी दाबल्या त्याच्या नावासह. पुलाच्या कोनशिलेवर उद्घाटकाबरोबर अभियंत्याचे, ठेकेदाराचे आणि शेवटच्या पाहणीच्या तारखेचे नाव असावे. आणि कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना सांगायचे ते हे की मोर्चाच्या आधी मोजमाप वहीची प्रत मागा. आपल्या पोरांनी डिप्लोमा केले आहेत, इंजिनीअर झाली आहेत. आजीचा ढीग ज्या पट्टीने लहान झाला ती पट्टी वाचता येणारे आता आपल्या घराघरांत आहेत.

गेल्या दिवाळीत बापाला घेऊन मी त्या नाल्यावर गेलो. नव्या पुलाशेजारी जुन्याच्या भिंतीचा एक तुकडा अजून पडलेला आहे. बाप त्याच्याजवळ बसला. त्याने नखाने सांधा खरवडला, चिमूटभर माल हातावर घेतला आणि बोटांनी चोळला. त्याची वाळू झाली.

"एकास सहाचा माल सांगितला व्हता," तो म्हणाला. "मुकादमानं एकास दहा कालवाले लावला. मी त्याले म्हटलंबी, हे टिकत नाई."

मी विचारले, "मग तेव्हा कुणाला सांगितलं का नाही?"

त्याने हात झटकला आणि म्हणाला, "इचारलं कोनं?"